छत्तीस चौकोन आणि टेबलाचा शोध

तीर्थस्वरूप वहिनी,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण हल्ली एकदा खाली गेलो की वर आणायला दोन माणसं लागतात आणि आत्ता घरात मी एकटाच आहे. तेव्हा खुर्चीत बसून केलेला हा नमस्कार पूर्ण वजनाचा आहे असं समजून घ्यावा. तुमचा खोकला कसा आहे? रात्री उशी उंच घेता की नाही? दादाचा गुडघा काय म्हणतो? (दादा स्वतः 'उत्तम आहे' म्हणत असेल तर त्यावर जाऊ नका. अंगात ताप असताना 'उत्तम आहे' म्हणत शाळेत गेलेला आणि गुरुजींच्या टेबलावर ओकलेला माणूस आहे तो.) इकडे सगळं ठीक. माझं वजन होतं तेवढंच आहे आणि माझ्या घरातला काटा खोटं बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मागे फोनवर तुम्ही विचारलंत की रिटायर झाल्यापासून दिवसभर करतोस तरी काय, आणि मी म्हणालो, काही नाही. ते साफ खोटं होतं. वहिनी, मी शिवणकाम करतो. (हे वाक्य दादाला वाचून दाखवायचं असेल तर त्याच्या हातात चहाचा कप नसताना दाखवा.) शिवणकाम म्हणजे सदऱ्याचं बटण लावणं नव्हे. टेबलाच्या मधोमध अंथरायची एक लहानशी गोधडी असते, तिला टेबल टॉपर म्हणतात. ती मी शिवली. म्हणजे शिवली आमच्या सूनबाईनं, मी तपासली. त्या तपासणीचं पुढे काय झालं ते सांगायलाच हे पत्र लिहितो आहे, पण मला सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

सूनबाईला तुम्ही लग्नात पाहिलंत तेवढंच. पोरगी गुणी आहे. मोठ्या रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. पण शांत, इतकी शांत की ती घरात आहे की नाही ते मला चपला मोजून कळतं. तुमचा पुतण्या छापखान्यांची यंत्रं बसवायला महिन्यातला अर्धा वेळ बाहेरगावी. तो नसला की आम्ही दोघं त्या सहा जणांच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून जेवतो. मीठ हवं असलं तर हाक मारण्यापेक्षा उठून जाणं सोपं पडतं. आणि हाक तरी काय मारणार? ती मला काहीच म्हणत नसे. बाबा नाही, मामा नाही, साहेब नाही. मी असेन त्या खोलीच्या दारात येऊन हलकंसं खाकरायची आणि मग सरळ वाक्य सुरू करायची. दोष माझाही आहे. सगळी नोकरी मी वजनं-मापं तपासण्यात घालवली, तेव्हा अनोळखी माणसाशी बोलायची माझ्याकडे दोनच वाक्यं आहेत. एक 'वजनं काढा' आणि दुसरं 'हे सील कोणी तोडलं?' दोन्ही सुनेशी बोलायला फारशी उपयोगाची नाहीत.

अशात एक दिवस तिच्या नावाने एक पाकीट आलं. ती दुकानात गेलेली, मी सही करून घेतलं. पारदर्शक पाकीट, आत रिबिनीने बांधलेली रंगीबेरंगी कापडाची चळत, एकसारखे कापलेले चौकोन, आणि वर छापलेलं: बेचाळीस नग, पाच इंची. आता वहिनी, तुम्हीच सांगा. ज्या माणसाने जन्मभर छापील आकड्याखाली खरा आकडा शोधला, त्याच्यासमोर असं पाकीट ठेवल्यावर तो काय वर्तमानपत्र वाचत बसेल? पाकीट फोडलं नाही (दुसऱ्याचं सील मी तोडत नाही), पण बाहेरून पोलादी पट्टी लावून पाहिली. आणि चक्रावलो. कापडाच्या कडा सरळ नव्हत्याच. चारही बाजूंनी दातेरी, करवतीसारख्या. दाताच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर पाच इंच भरतात, दातांमधल्या खाचेपासून मोजलं तर पाव इंच कमी. मग खरे पाच इंच कुठले? मी पट्टी फिरवत होतो, एवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. मुद्देमालासकट सापडलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, हे नेमकं कुठून मोजायचं गं? ती जवळ आली, पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मलाही तोच प्रश्न पडलाय." वर्षभरातलं तिचं हे पहिलं वाक्य, ज्यात जेवण, चावी किंवा दूधवाला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने चौकोन टेबलावर मांडून पाहिले. सहा ओळी, ओळीत सहा. उरलेले सहा बाजूला काढून ठेवले. मी माझ्या टोकाला बसून मनातल्या मनात हिशेब केला. शिवणीत प्रत्येक बाजूला पाव इंच जाणार, म्हणजे एक चौकोन उरला साडेचार इंचांचा, आणि सगळी गोधडी सत्तावीस बाय सत्तावीस. हिशेब झाला आणि मी तोच पुन्हा करून पाहिला. का म्हणाल तर सत्तावीस इंची टॉपर आमच्या घरातल्या कुठल्याच टेबलाचा नाही. जेवणाच्या टेबलावर तो हरवेल, माझ्या खोलीतल्या तिवईवरून तो खाली लोंबेल. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी घरातला प्रत्येक सपाट पृष्ठभाग मोजला. कपडे धुण्याच्या मशीनचं झाकण, शिलाई मशीनचा पाट, बुटांचं कपाट, सगळं. एकही बसेना. म्हणजे हे टेबल या घरातलं नव्हतंच. आणि मग मला आठवलं, चिरंजीव काही दिवसांपूर्वी बाल्कनीत फोनवर हळू आवाजात म्हणत होता, आम्हाला दोन खोल्या पुरतील.

वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं. ती दोघं वेगळी राहायला जाणार या विचाराने मला घास जाईना. जावं त्यांनी, हक्कच आहे त्यांचा, तिचं दुकान इथून लांब पडतं हेही खरं. पण मला ती जायला नको आहेत. शांत का होईना, दोन जोड चपला दारात असतात. आता कुणीही शहाणा माणूस सरळ तिला विचारता झाला असता की बाई गं, हे कुठल्या टेबलासाठी? पण मी जन्मात कुठल्या दुकानदाराला 'तू मापात मारतोस का' असं विचारलेलं नाही. विचारलं की माणूस नाही म्हणतो. मोजायचं असतं. म्हणून मूग गिळून बसलो आणि पुरावा गोळा करायचं ठरवलं. शिवाय मनात आलं, आपण या कामात जरा उपयोगी पडलो, तर हा म्हातारा घरात असलेला बरा, असं तिलाही वाटेल.

त्या उपयोगी पडण्यातून पहिला घोटाळा झाला. ती दुकानात असताना मी छत्तीसच्या छत्तीस चौकोनांचे दात कापून टाकले. पुठ्ठ्यावर ठेवून, पोलादी पट्टी धरून, नव्या पात्याने, खाचेला धरून सरळ. काय सुंदर कडा आल्या म्हणून सांगू! एकावर एक रचले तर बाजूने विटेसारखे गुळगुळीत. संध्याकाळी तिच्यापुढे ती वीट ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. तिने वीट उचलली, मग टेबलावर पडलेल्या त्या रंगीत शेवयांसारख्या कातरणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी अगदी हळू आवाजात सांगितलं की ते दात कापडाला दशा सुटू नयेत म्हणूनच असतात आणि पाच इंच दातांच्या टोकापासूनच धरायचे असतात, तिने दुकानातल्या फावल्या वेळात शोधून काढलं होतं. तोवर माझ्या त्या सुंदर कडांना चहूबाजूंनी दशा सुटायला लागल्याही होत्या. (टॉपरही सत्तावीसचा साडेपंचवीस झाला. खरं सांगू? हे लक्षात आल्यावर मला वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. आता तो त्या टेबलालाही बसणार नव्हता.)

मला वाटलं, आता ही सगळं गुंडाळून ठेवणार. पण तिने मशीनचं झाकण काढलं, माझ्याकडे न बघता म्हणाली की दशा सुटायच्या आत शिवायला हवं, तुम्ही जोड्या लावून द्या. मग काय, मी दोन चौकोन तोंडाला तोंड लावून टाचण्या मारायच्या आणि तिने पाव इंचावर शिवण घालायची. रोज ती आली, चहा झाला, की आम्ही बसायचो. मशीन चालू असताना बोलता येत नाही, थांबलं की आपोआप बोललं जातं. तिला लहानपणी वाहनांच्या नंबरांची बेरीज करायचा नाद होता, हे मला कळलं. मला तो अजून आहे, हे तिला कळलं.

पण स्वभाव जाईल कुठे? ओळी तयार व्हायला लागल्या आणि माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. चार चौकोनांचे कोपरे जिथे भेटतात तिथे ते एका बिंदूत भेटायला हवेत. मी भिंग घेऊन बसायचो, भेटले की खडूने बरोबरची खूण, नाही भेटले की फुली. तिसरी ओळ दुसऱ्या ओळीला जोडली, मला कोपरे तिरके दिसले, फुली. तिने उसवली, पुन्हा शिवली. पुन्हा तिरके, पुन्हा फुली. ती पुन्हा उसवायला बसली. तिसऱ्यांदा मी खडू उचलला मात्र, तिने हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी तुमची दुकानदार नाही." आणि उठून आत गेली. मी खडू धरून तसाच. गंमत म्हणजे बाकीचे शब्द मला मागाहून पोचले, आधी नुसतं 'बाबा' पोचलं. कुणी तोंडावर झाडलं आणि मला इतका आनंद झाला, असं नोकरीत कधी घडलेलं नव्हतं. झोंबलं नाही असं नाही, झोंबलंच. पण खडू मी त्याच पावली कचऱ्यात टाकला, आणि सकाळी चहा करून तिच्या टोकाला नेऊन ठेवला. तिने कप घेतला आणि सांगितलं की आजपासून तुम्ही इस्त्री करायची.

या इस्त्रीत एक अशी नामी युक्ती आहे वहिनी, की तुम्हाला ठाऊक असली तरी मी सांगणारच. शिवणीच्या मागे कापडाची दुमड राहते ना, ती एका ओळीत सगळी डावीकडे दाबायची आणि पुढच्या ओळीत सगळी उजवीकडे. मग दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की एकीची दुमड दुसरीच्या दुमडीला अशी नेमकी अडते की बोटाला कळतं, बसली! डोळे मिटूनसुद्धा कळतं. मी तर खुळ्यासारखा पुन्हा पुन्हा करून पाहत होतो. दोन्ही दुमडी एकाच बाजूला असल्या तर नुसता गठ्ठा होतो, उलट्या असल्या तरच जुळतात. कुणी शोधून काढलं असेल हे पहिल्यांदा? मी तिला विचारलं, तिलाही ठाऊक नव्हतं. मग त्यावर आम्ही जेवण होईपर्यंत तर्क लढवले, आणि त्या दिवशी ती तिच्या टोकाला न बसता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, कारण तर्क लांबून लढवता येत नाहीत.

दुसरा घोटाळा यापुढचा. वरचा रंगीत भाग झाला, खाली अस्तर, मध्ये कापसाचा पातळ थर. हे तीन थर सरकू नयेत म्हणून आधी हाताने लांब लांब कच्चे टाके घालायचे असतात. ते काम मी मागून घेतलं. जेवणाच्या टेबलावर तिन्ही थर पसरले आणि दुपारभर बसून आडवे-उभे धावदोरे घातले. टाके एका मापाचे, एका रांगेत. ती आल्यावर मी मोठ्या ऐटीत गोधडी उचलून दाखवली, आणि तिच्यासोबत टेबलक्लॉथ उचलला गेला, त्याच्यासोबत फुलदाणी, आणि फुलदाणीतलं पाणी माझ्या विजारीवर. तीन थर नव्हे, मी चार थर शिवले होते. सूनबाई आधी तोंडावर हात धरून उभी राहिली, मग हात सुटला आणि ती खाली बसून खदाखदा हसली. माझ्या घरात असं हसणं किती दिवसांनी ऐकलं ते मी लिहीत नाही. डोळे पुसत ती म्हणाली की सबंध दुपार तुम्हाला टेबलक्लॉथ दिसला नाही, तेव्हा उद्या निमूटपणे दुकानात या.

गेलो. चपलांचं दुकान आणि किल्ल्या करून देणारा यांच्या मधोमध तिचं दुकान आहे, पुढे काचेची कपाटं आणि मागे एक अंधारी खोली. त्या खोलीत तिने मला उंच खुर्चीवर बसवलं आणि नाकावर एक लोखंडी सांगाडा चढवला, ज्यात भिंगं घालता-काढता येतात. समोर भिंतीवर उजळलेली अक्षरं. आणि ती अंधारातून विचारत होती, हे स्पष्ट की हे? आता? की आधीचं? वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा मी काट्याच्या पलीकडे बसलो होतो. पण एक सोय होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि तिला माझे डोळे भिंगाआड धड दिसत नसावेत. तेवढ्या आधारावर मी विचारून टाकलं. म्हटलं, आपला टॉपर कुठल्या टेबलासाठी आहे गं?

ती म्हणाली, कुठल्याच नाही.

म्हटलं, असं कसं, छत्तीसच का घेतलेस मग? तर म्हणाली, बेचाळीस आले होते, त्यातल्या सहांचे रंग आवडले नाहीत. एवढंच! मी सबंध घर मोजून काढलं, झोप घालवली, एका टेबलावर अख्खा खटला उभा केला, आणि ते टेबल मुळात नव्हतंच. भिंग बदलल्याचा आवाज आला. मग ती आपणहून म्हणाली की एक जागा पाहिली होती आम्ही, दुकानाजवळ, दोन खोल्यांची. पण स्वयंपाकघरात उजेड नव्हता. मी विचारलं, मग? म्हणाली, मग काय, नको म्हटलं. आता खालची ओळ वाचा. मला खालची ओळ वाचता आली नाही, आणि त्यात दोष भिंगाचा नव्हता.

निकाल असा लागला की माझ्या चष्म्याचा नंबर केव्हाच बदलून गेला आहे आणि डाव्या डोळ्याला सरळ रेषा तिरकी दिसते. थोडक्यात, ज्या मापाने मी तिच्या ओळी नापास करत होतो ते मापच सदोष होतं. तिसरी ओळ पहिल्या वेळीच बरोबर शिवलेली होती. म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो. मग दोनदा उसवलीस कशाला? तर म्हणाली, तुम्ही इतकं मन लावून बघत होतात.

टॉपर पुरा झाला. भोवती निळी पट्टी लावली आहे, एका कोपऱ्यात ती जरा चोळामोळा झाली आहे, तो कोपरा माझा. जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला तर मोठ्या पाकिटावर तिकीट चिकटवल्यासारखा दिसतो. पण आम्ही ठेवला आहे. दादाला नमस्कार, गुडघ्यावर शेक चालू ठेवायला सांगा. तुम्ही खोकल्याचं औषध मधेच सोडू नका.

तुमचा धाकटा दीर

ता. क. लिहायचं राहिलं असं नाही, धीर होत नव्हता. तुमच्या मागच्या खोलीत ते जुनं गोल टेबल आहे ना, ज्यावर तुम्ही रिकाम्या बरण्या ठेवता? ते मला द्याल का? काम संपल्यापासून संध्याकाळी आम्ही काय करावं ते दोघांनाही सुचत नाही. परवा ती पुन्हा तिच्या टोकाला जाऊन बसली. खिडकीशी एक लहान टेबल असलं, दोन खुर्च्या मावतील एवढंच, तर टोकं राहणारच नाहीत. या एका गोष्टीसाठी एवढं लांबलचक लिहिलं, राग मानू नका.

ता. क. दुसरा. टेबल पाठवण्याआधी त्याचा व्यास मोजून कळवा. बरोबर मध्यातून, काठापासून काठापर्यंत. दादाला मोजू देऊ नका, तो वितीने मोजतो.

ता. क. तिसरा. डिंक सापडत नाही, म्हणून पाकीट तसंच सूनबाईकडे देतो आहे. ती चिकटवून दुकानात जाता जाता टाकेल.

काकू, नमस्कार. हे अक्षर माझं आहे. डिंक नेहमीच्या खणात, नेहमीच्या जागी होता. आयुष्यभर सील ठोकलेल्या माणसाने पाकीट उघडं हातात दिलं, म्हणजे मी ते वाचावं अशीच इच्छा असणार, असं समजून वाचलं. टेबल नक्की पाठवा. व्यास मात्र बाबांना कळवू नका. हा टॉपर त्याला बसला नाही तर बरंच, नव्या चौकोनांचं पाकीट मी कालच मागवलं आहे. आणि त्या जागेच्या स्वयंपाकघरात उजेड भरपूर होता. ते तेवढं तुमच्या-माझ्यातच राहू द्या.